झेंड्यावरचं गाव

जून २०२४ मधे इथे जर्मनीत फुटबॉलची युरो स्पर्धा होती, तिच्यासाठी स्कॉटलंडचे लोक कोलोनला आले होते तेव्हा माझ्या ऑफिसातली निम्मी जनता संध्याकाळी ट्रेन पकडून त्यांना बघायला गेली होती. मॅच बघायला नाही, तिकिटं कोणाकडेच नव्हती, नुसती माणसं बघायला. ते किल्ट, ती बॅगपाइप, चौकात नाचणारे म्हातारे. दुसऱ्या दिवशी कँटीनमधे सगळे एकमेकांना व्हिडिओ दाखवत होते. मग ३० जूनला गेल्सेनकिर्शनमधे स्लोव्हाकियाशी इंग्लंड जवळजवळ हरलंच होतं, आणि ९५व्या मिनिटाला बेलिंगहॅमनं हवेत उलटं होऊन गोल मारला, एक्स्ट्रा टाइमच्या पहिल्याच मिनिटाला केननं दुसरा, आणि ठरलं की ६ जुलैची क्वार्टर फायनल आमच्या ड्युसेलडॉर्फला, इंग्लंड आणि स्वित्झर्लंड. सोमवारी त्याच कँटीनमधे त्याच लोकांनी मला सांगितलं, शनिवारी गावात जाऊ नकोस हां, पोराला घेऊन तर नकोच.

एकाच बेटावरचे दोन शेजारी, पितात पण सारखंच, आणि एक आला की बघायला जायचं, दुसरा आला की दार लावून बसायचं. ही गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. दोन वर्षं होत आली, लिहायचं राहून जात होतं.

मी मूळची कोल्हापूरची आहे, त्यामुळे फुटबॉलच्या गर्दीची भीती मला नवीन नाही. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आणि तांबडा-पांढरा आठवतो पण आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे, तालमींचे संघ आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की त्या दिवशी माणूस कुठल्या गल्लीत राहतो ह्याला अर्थ येतो. दादाला बाबा मॅचला न्यायचे, मला नाही. मला आई सांगायची, आज क्लासवरून येताना स्टेडियमच्या रस्त्यानं येऊ नकोस. एरवी ज्या काकांच्या दुकानातून आम्ही वह्या आणायचो तेच काका मॅच संपल्यावर शर्ट काढून, घसा बसेपर्यंत ओरडत रस्त्यानं जाताना मी गच्चीवरून बघितलेत, आणि दुसऱ्या दिवशी तेच मला वही देताना विचारणार, अभ्यास कसा चाललाय बाळ. मला ते दोन काका जोडता यायचे नाहीत. अजूनही येतात असं नाही.

जर्मन लोकांची भीती मात्र गल्लीतली नाही, ती इतिहासातली आहे आणि तिला कारणं आहेत. १९९० च्या वर्ल्डकपला इटलीनं इंग्लंडच्या ग्रुपच्या मॅचेस सार्डिनिया बेटावर काल्यारीला ठेवल्या, कारण उघड होतं, ही माणसं मुख्य भूमीपासून जेवढी लांब राहतील तेवढं बरं. १९९८ ला मार्सेयमधे ट्युनिशियाच्या मॅचच्या वेळी दंगल. २००० च्या युरोत शार्लरुआच्या चौकात प्लास्टिकच्या खुर्च्या उडत होत्या आणि पोलीस पाण्याचे फवारे मारत होते, तेव्हा युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, धमकी दिली होती की परत असं झालं तर टीमच घरी पाठवू. त्यानंतर इंग्लंडनं कायदा कडक केला. ज्यांच्यावर बंदीचा हुकूम आहे त्यांनी मोठ्या स्पर्धेआधी पासपोर्ट पोलिसांकडे जमा करायचा, स्पर्धा संपली की परत न्यायचा. २०२४ ला असे सोळाशेहून जास्त लोक होते ज्यांना जर्मनीला यायलाच बंदी होती. सोळाशे! आणि तरी २०१६ ला परत मार्सेय झालंच, तेव्हा रशियाचे लोक तयारी करून आले होते आणि मार खाणाऱ्यांत बरेचसे साधे इंग्लिश होते, पण टीव्हीवर मार देणारा आणि खाणारा दोघं सारखेच दिसतात, उघडे, लाल, रक्ताळलेले.

स्कॉटिश लोकांनी ह्याच्यातूनच आपली ओळख घडवली असं मला वाटतं. आम्ही ते नाही, हे दाखवायचं. चौक झाडून जायचं, पोलिसांबरोबर फोटो काढायचे. चांगलंच आहे ते, पण शेजाऱ्याचं नाव खराब असणं ही त्यांची केवढी मोठी सोय झाली हेही खरं.

तर शनिवार. पोराचा गिटारचा क्लास आल्टश्टाटजवळ, म्हणजे जुन्या गावाजवळ, असतो आणि मी तो चुकवला नाही, सकाळचा होता, म्हटलं दुपारच्या आत घरी. पण क्लासनंतर त्याला आइस्क्रीम पाहिजे, मग त्याला झेंडे बघायचे, असं करत करत साडेतीन वाजले आणि आम्ही हाइनरिश-हाइने-आले स्टेशनला यू-७८ च्या प्लॅटफॉर्मवर उतरलो आणि माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलेय. यू-७८ म्हणजे सरळ स्टेडियमला जाणारी गाडी. आम्हाला मधेच गोल्त्सहाइमला उतरायचं असतं, रोजचीच गाडी, पण त्या दिवशी तिच्यात दुसरं कोणी नव्हतंच. दार उघडलं आणि आतनं घामाचा आणि बिअरचा वास आणि तो आवाज, डब्याच्या छताला तळव्यांनी मारलेले ठोके, सगळी गाडी हलतेय. मागनं लोटत आम्ही आत गेलो. मी पोराला पोटाशी धरलं. माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस नव्हता, टिकली नव्हती, पण रंग तर आहेच ना, तो कुठे ठेवणार. पाच सेकंदांत मी जे सगळं आठवून घेतलं ते मला अजून आठवतं, पुढचं स्टेशन कुठलं, दार कुठल्या बाजूला उघडतं, फोन कुठल्या खिशात आहे.

आमच्या पुढ्यात एक पन्नाशीचा माणूस होता, दाराएवढा रुंद, टक्कल उन्हानं गुलाबी पडलेलं, पोटरीवर सिंहाचं टॅटू. त्यानं खाली बघितलं, पोराला बघितलं आणि काही न बोलता दोन्ही हात आमच्या डोक्यावरून काचेला टेकवून उभा राहिला. म्हणजे तो आणि खिडकी ह्यांच्या मधे आमच्यापुरती एक खोली झाली. मागनं धक्के येत होते ते तो पाठीवर घेत होता. गाणं मात्र थांबवलं नाही, आमच्या डोक्यावरच चालू होतं. मग गाणं संपल्यावर पोराला विचारलं, तू कोणाचा? पोरगं म्हणालं, जर्मनीचा. आणि आदल्याच रात्री श्टुटगार्टला जर्मनी स्पेनकडून हरली होती, एक्स्ट्रा टाइममधे, ११९व्या मिनिटाला, आमच्या घरात रडारड झाली होती, त्यामुळे ते सांगताना पोराचा गळा परत दाटला. माणूस गंभीर झाला. म्हणाला, तो हँडबॉल होता. स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागला तो सरळ सरळ हँडबॉल होता, पेनल्टी द्यायला पाहिजे होती. बाजूचा म्हणाला, होताच. पलीकडचा म्हणाला, शंभर टक्के. आणि मग अख्ख्या डब्यात, ज्यांना घरी बसून घाबरायला मला सांगितलं होतं त्या माणसांच्या डब्यात, जर्मनीला पेनल्टी मिळायला पाहिजे होती ह्यावर एकमत झालं. मग कोणीतरी म्हणालं की तो शॉट जर्मनीच्या मुसियालाचा होता आणि मुसियाला निम्मा आमचाच आहे, इंग्लंडमधेच वाढलाय, आमच्या ज्युनियर टीममधे खेळलाय. पोराला हे माहीत होतं. त्यानं मान हलवली. त्या क्षणी तो आणि ते एका बाजूचे झाले.

त्या माणसानं खिशातनं एक पिन काढून पोराच्या टीशर्टला लावली. पिनवर माकड होतं. तो हार्टलपूलचा होता, इंग्लंडच्या ईशान्येला समुद्रावरचं गाव, आणि माकड का ते त्यानं पुढच्या दोन स्टेशनांत सांगितलं. नेपोलियनच्या लढायांच्या वेळी गावाच्या किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज फुटलं, सगळे बुडाले, वाचलं फक्त एक माकड, आणि खलाशांनी गंमत म्हणून त्याला गणवेश घातलेला. गावकऱ्यांनी कधी फ्रेंच माणूस बघितला नव्हता, माकडही बघितलं नव्हतं. त्यांनी त्याच्यावर वाळूतच खटला चालवला, ते काही उत्तर देईना, म्हणून फ्रेंच हेर समजून फाशी दिलं. तेव्हापासून शेजारपाजारची गावं ह्यांना माकडाला फाशी देणारे म्हणून चिडवतात. आणि ह्यांनी काय केलं, तर तेच नाव उचलून अंगावर घेतलं, क्लबचा मॅस्कॉट माकड, आणि २००२ साली त्या माकडाचा वेष घालणारा माणूस निवडणुकीला उभा राहिला आणि खरंच मेयर झाला. हे मी नंतर घरी येऊन शोधलं, खरं आहे. आमचं स्टेशन आलं तेव्हा त्यानं मागच्यांना ओरडून वाट करायला लावली आणि डबाभर माणसं दोन्ही बाजूंना चिकटली आणि आम्ही मधनं उतरलो.

घरी आल्यावर पोरानं झेंड्यांची यादी काढली. दुपारी र्‍हाइनच्या काठाच्या रेलिंगवर लांबच लांब झेंडे बांधलेले होते ना, इंग्लंडचे, पांढऱ्यावर लाल क्रॉस, आणि आडव्या पट्टीवर गावाचं नाव. त्यानं ती सगळी टिपून घेतली होती. ग्रिम्सबी. रॉचडेल. रॉदरम. स्विंडन. कार्लाइल. सदरलंड की संडरलंड ह्यावर त्याचं अडलं होतं. लेस्टर. हार्टलपूल. मला म्हणाला, आई, लिव्हरपूल कुठंय? आर्सेनल कुठंय? मला तेव्हा उत्तर आलं नाही पण मग मी ह्याच्या मागेच लागले.

ते असं आहे की मोठ्या क्लबच्या माणसाला इंग्लंडची टीम लागत नाही. त्याचा क्लब दर दोन आठवड्यांनी माद्रिद, मिलान, म्युनिक करतो, त्याला युरोप क्लबच दाखवतो. रॉचडेलला कोण दाखवणार? हार्टलपूल त्या वर्षी पाचव्या डिव्हिजनमधे होतं, इंग्लिश लीगच्या मुख्य चार डिव्हिजनच्या सुद्धा खाली. अशा गावातल्या माणसाला आपल्या गावाचं नाव परदेशात कुठेतरी बांधायचं असेल तर एकच मार्ग, इंग्लंडच्या मागे जायचं. आणि ते जातात ते नुसते वर्ल्डकपला नाही. ट्रॅव्हल क्लबची मेंबरशिप असते, प्रत्येक बाहेरच्या मॅचला पॉइंट मिळतात, त्याला ते कॅप म्हणतात, खेळाडूंसारखंच, आणि जितक्या कॅप जास्त तितकं मोठ्या मॅचचं तिकीट मिळायची आशा. म्हणून मग माणसं नोव्हेंबरच्या थंडीत नॉर्थ मॅसिडोनियाला जातात, माल्टाला जातात, जिथे निकाल आधीच सगळ्यांना माहीत असतो. हा जो चिवटपणा आहे तो मला फार आपला वाटला. जिंकायची खात्री म्हणून जात नाहीत ते. १९६६ चा वर्ल्डकप सोडला तर पुरुषांच्या टीमनं त्यांना काही दिलेलंच नाही, २०२२ ला युरो आणून दाखवला तो तिथल्या पोरींनी. ते झेंडा बांधायला जातात. सकाळी लवकर उठून चौकातली चांगली जागा पकडतात, दोरीनं चारही टोकं आवळतात, फोटो काढतात, गावाच्या ग्रुपवर टाकतात. बाकीचा दिवस मग प्यायला मोकळा.

पिण्याचं तर, आमच्या आल्टश्टाटमधे अडीचशेहून जास्त बार आहेत, त्या भागाला जगातला सगळ्यात लांब बार काउंटर म्हणतात, आणि इथली आल्टबिअर मिळते पाव लिटरच्या छोट्या ग्लासात. पाइंटची सवय असलेल्यांना तो ग्लास म्हणजे चव बघायला दिलाय असं वाटलं. पण इथला वेटर, त्याला क्योबेस म्हणतात, तो ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतो आणि बिअरमॅटवर पेन्सिलीनं एक रेघ मारतो, नको असेल तर मॅट ग्लासवर झाकायचं. हे इंग्लिश लोकांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं काय प्रेमळ गाव आहे! संध्याकाळी टेबलाटेबलांवरची मॅटं रेघांनी काळी झाली होती आणि आमच्या ओळखीचा एक क्योबेस नंतर म्हणाला की एवढी टिप त्याला कार्निव्हलला पण मिळाली नव्हती.

आता दुसरी गोष्ट सांगते, तीही त्याच दिवसाची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, तेव्हा ८४ वर्षांच्या. ड्युसेलडॉर्फवर बॉम्ब पडायचे तेव्हा त्या तीन-चार वर्षांच्या होत्या, तळघरातलं थोडं थोडं आठवतं म्हणतात. पाचच्या सुमाराला आमच्या रस्त्यानं एक घोळका स्टेडियमकडे चालत गेला, गाडीत जागा नव्हती म्हणून असेल, वीस-पंचवीस पोरं, आणि ते ते गाणं म्हणत होते, दहा जर्मन बॉम्बर विमानांचं, एकेक विमान पाडत खाली येतात, दहा, मग नऊ, मग आठ. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं वर्षानुवर्षं सांगितलंय की हे गाणं म्हणू नका. म्हणतातच. मी आजींना औषधं द्यायला वर गेले होते, त्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. पण आकडे कळत होते. त्या ओठांतल्या ओठांत जर्मनमधे बरोबर मोजत होत्या, आख्ट, झीबेन, झेक्स, आणि शून्य झाल्यावर खिडकी लावली आणि मला म्हणाल्या, फार तरुण आहेत गं. एवढंच. राग नव्हता आवाजात, आणि मला त्या पोरांचा जो राग आला तो अजून गेला नाही. त्यांच्या आजोबांनी पाडलेली विमानं, त्यांच्या आजोबांनी टाकलेले बॉम्ब, आणि ह्यांना त्यातलं काय माहीत आहे, एक चाल.

डब्यात हात टेकवून उभा राहिलेला माणूस आणि ही पोरं वेगळी, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण डब्यातही ते गाणं झालं असेल, आम्ही उतरल्यावर, आणि त्यानंही म्हटलं असेल, मला त्याची जवळजवळ खात्री आहे.

मॅच आम्ही घराजवळच्या क्नाइपेच्या, म्हणजे गल्लीतल्या पबच्या, अंगणात बघितली, मालकानं टीव्ही बाहेर लावला होता, नवरा पण आला. तिकीट न मिळालेले तीस-चाळीस इंग्लिश तिथे होते आणि आमच्या बाकावर शेजारी येऊन बसले ते एक गुजराती गृहस्थ निघाले, लेस्टरचे, साठीचे, इंग्लंडचा शर्ट, गळ्यात स्कार्फ. पाच मिनिटांत आम्ही हिंदीत बोलायला लागलो. त्यांचं कुटुंब १९७२ ला युगांडातनं आलं, इदी अमीननं हाकललं तेव्हा. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. तरी आले. ते म्हणाले, माझे वडील मॅचच्या दिवशी दुकानाचं शटर ओढायचे आणि आम्हाला मागच्या खोलीत बसवायचे. मी त्यांना आईचं सांगितलं, स्टेडियमच्या रस्त्यानं येऊ नकोस. ते हसले नाहीत, म्हणाले, तुमच्या आईला मारामारीची भीती होती, आमच्या वडिलांना आमची.

मग त्यांनी मला १९८४ चं सांगितलं. माराकाना स्टेडियमवर ब्राझीलविरुद्ध जॉन बार्न्सनं एकट्यानं पाच-सहा जणांना चकवत गोल मारला, इंग्लंड २-० जिंकलं, आणि त्याच दौऱ्यात विमानात काही इंग्लिश फॅन्स, नॅशनल फ्रंट ह्या वर्णद्वेषी पक्षाचे, त्याच विमानात बसलेल्या बार्न्सला ऐकू जाईल असं म्हणत होते की आपण १-० नंच जिंकलो, काळ्याचा गोल धरायचा नसतो. हे आठवत असताना सुद्धा तुम्ही हा शर्ट कसा घालता, असं मी विचारलं नाही, पण त्यांना ते दिसलं असणार. ते म्हणाले, पूर्वी युनियन जॅक असायचा, सगळ्या ब्रिटनचा, १९६६ च्या फोटोत बघा, सगळे युनियन जॅक. हा लाल क्रॉस स्टँडमधे सगळीकडे दिसायला लागला तो ९६ च्या युरोपासून. म्हणजे हा झेंडा तसा नवा आहे, तो कोणाचा हे अजून ठरतंय, मी घरी बसलो तर माझ्याशिवाय ठरेल.

७५व्या मिनिटाला एम्बोलोनं स्वित्झर्लंडचा गोल मारला आणि अंगण ज्या शिव्यांनी भरलं त्या इंग्लंडच्या कोचच्या, साउथगेटच्या, नावानं होत्या. ह्याच माणसावर कोलोनला स्लोव्हेनियाची मॅच ०-० झाल्यावर इंग्लिश फॅन्सनी प्लास्टिकचे ग्लास फेकले होते, तो टाळ्या वाजवत त्यांच्याकडे गेला तेव्हा. मग पाच मिनिटांनी इंग्लंडचा साका उजवीकडनं आत आला आणि डाव्या पायानं लांबनं मारला, पोस्टला आतनं लागून गोल. माझ्या पोराला कोणीतरी अनोळखी माणसानं उचललं. एक्स्ट्रा टाइम. मग पेनल्टी. इंग्लंडचा कीपर पिकफर्ड, त्यानं अकांजीची अडवली. पामर गोल, बेलिंगहॅम गोल, आणि तिसरा आला साका.

मला ते अंगण आठवतं. २०२१ ची युरोची फायनल सगळ्यांनाच आठवत होती, वेम्बली, शेवटची पेनल्टी ह्याच मुलाची, १९ वर्षांचा होता, हुकली, आणि त्या रात्री त्याला आणि रॅशफर्डला आणि सँचोला, तिघंही काळे, इंटरनेटवर काय काय म्हटलं गेलं. अंगणात तीस-चाळीस प्यायलेली माणसं आणि फ्रीजची घरघर ऐकू येत होती. लेस्टरच्या काकांनी स्कार्फ तोंडात धरला होता. माझ्या मनात एकच, ही हुकली तर ह्या अंगणातून आम्ही चौघं कसे बाहेर पडणार, आणि मी त्यांच्याकडे बघितलं तर ते पण दाराकडेच बघत होते.

गोल.

मग टोनीनं बॉलकडे न बघता मारली, अलेक्झांडर-अरनॉल्डनं शेवटची, ५-३, आणि ती सगळी माणसं साकाच्या नावानं ओरडत एकमेकांच्या अंगावर पडली. काका रडत होते. एका पोरानं, विशीतलं असेल, त्यांना मिठी मारली आणि सोडेचना. मी त्या पोराच्या चेहऱ्यावर शोधत होते, तीन वर्षांपूर्वी तू काय टाइप केलं होतंस रे. हा विचार वाईट आहे मला माहीत आहे, पण आला.

रात्री दोनपर्यंत आवाज. सकाळी आमच्या बिल्डिंगच्या दारात काचा आणि पायरीवर मुतलेलं. नवऱ्यानं बादल्या ओतल्या, मी झाडलं, आजी उठायच्या आत.

मग मी दूध आणायला म्हणून निघाले आणि नदीवर गेले. रविवार सकाळ, सगळं ओलं, आणि रेलिंगवरचे झेंडे उतरवायचं काम चालू होतं. डोळे सुजलेले, कोणी बोलत नव्हतं. एक झेंडा उतरवायला दोन माणसं लागतात, जमिनीला लागू द्यायचा नसतो, दोघं दोन टोकं धरून ताणतात, मग मधे घडी, मग चालत एकमेकांकडे येतात, अगदी आपण गच्चीवर चादरी घड्या करतो तसं. आणि तिथे तो कालचा होता. एकटाच, हार्टलपूल. त्याचे सोबती बहुतेक उठले नव्हते. त्यानं मला ओळखलं, पोराचं विचारलं, आणि मग जरा संकोचून दुसरं टोक पुढे केलं. मी धरलं. खूप जड होता तो, मला वाटलं होतं पातळ असेल. आम्ही ताणला, घडी केली, मी चालत गेले, टोकं त्याच्या हातात दिली, परत खालची घडी धरली. कडेला हातशिलाई होती, त्याच्या आईनं घातलेली, १९९६ ला. आमच्या पायरीवर कोणी मुतलं ते मी त्याला सांगणार होते, नाही सांगितलं. बुधवारी डॉर्टमुंडला नेदरलँड्सशी सेमी फायनल, तिथे जागा लवकर पकडायला पाहिजे म्हणाला.

ती ते जिंकले, वॉटकिन्सनं शेवटी शेवटी गोल मारला. बर्लिनची फायनल स्पेनकडून २-१ हरले. दोन दिवसांनी साउथगेटनं राजीनामा दिला.

आणि मग ऑगस्ट आला. २९ जुलैला साउथपोर्टला डान्स क्लासमधे तीन छोट्या मुलींना मारलं, आणि अफवा उठली की मारणारा बोटीतनं आलेला परदेशी मुसलमान आहे. तो ब्रिटनमधेच, कार्डिफला जन्मलेला होता, तरी दंगली पसरल्या. मी रोज रात्री ती गावांची नावं वाचत होते आणि मला ती सगळी ओळखीची वाटत होती. हार्टलपूल, पोलिसांची गाडी पेटवली. संडरलंड. रॉदरम, जिथे आश्रय मागायला आलेल्या लोकांच्या हॉटेलला घेरलं, आत माणसं असताना. पोराच्या यादीतली गावं. आणि फोटोंमधे तोच झेंडा, खांद्यावरून पाठीवर बांधलेला. मी फोटो मोठे करून बघायचे. पोटरी शोधायचे, सिंहाचं टॅटू. एकदा नवऱ्यानं विचारलं काय शोधतेयस, मला सांगता आलं नाही. सापडलं काही नाही. साउथपोर्टमधे दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन मशिदीची पाडलेली भिंत फुकट बांधून गेले, संडरलंडला लोक सकाळी झाडू घेऊन बाहेर पडले, ते पण फोटो होते, त्यातही मी शोधलं.

पिन अजून पोराच्या दप्तराला आहे. परवा शाळेतनं येताना त्याच यू-७८ मधे तो ती बोटानं फिरवत होता आणि मधेच म्हणाला, आई, ते माकड काहीच बोललं नाही म्हणून फाशी दिलं ना? म्हटलं हो, असं म्हणतात. मग जरा वेळानं म्हणाला, पण ते बोललं असतं तरी फ्रेंचमधेच बोललं असतं ना, त्यांना कुठं कळलं असतं.